बेघरांची पाहणी करताय? या चुका टाळा

मुंबईत बेघरांची पाहणी करायला दरवर्षी नवे गट उत्साहाने येतात आणि त्याच चुका करतात. सरकारी योजनेत एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय होईल एवढे निवारे, असा निकष ठरला होता. निवारा कुठल्या नाक्यावर आणि कोणासाठी हवा, हे अशा पाहणीतूनच ठरायला हवं. म्हणून हे काम शनिवार-रविवारी उरकायचं नाही.

दिवसा मोजू नका. दुपारी पुलाखाली फक्त गाठोडी दिसतात. माणसं नाक्यावर, केटरिंगला, भंगार वेचायला गेलेली असतात. २०११च्या जनगणनेतही बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली होती. मी अकरानंतरच निघते आणि पावसाळ्यात पुन्हा फेरी मारते, कारण पहिल्या पावसातच लोकांच्या झोपायच्या जागा बदलतात.

सगळ्यात जास्त नुकसान करते ती चूक म्हणजे प्रत्येक संस्थेने आपापला फॉर्म घेऊन निघणं. भायखळ्याच्या एका फुटपाथवर एकाच महिन्यात दोन-तीन गट येऊन गेले होते. आम्ही पोचलो तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "ताई, मागच्या पोरांनी पण हेच विचारलं. आधारचा नंबर लिहून नेला, कार्ड मिळेल म्हणाले. कुठंय कार्ड?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री त्या रांगेतलं कोणीच बोललं नाही, पुढेही बरेच महिने नाही. आणि मागच्या गल्लीत झोपणाऱ्यांकडे तर कोणीच फिरकलं नव्हतं.

आता मी आधी सगळ्या संस्थांना वॉर्डच्या एका नकाशाभोवती बसवते. गल्ल्या आणि पूल वाटून घ्यायचे, फॉर्म एकच, यादी एकाच माणसाकडे. पहिला प्रश्न, "एवढ्यात कोणी विचारून गेलं का?" आधार क्रमांक लिहायचा नाही. घर, कार्ड, रेशन, कशाचंही आश्वासन द्यायचं नाही. घाई झालेल्यांना ही बैठक वेळेचा अपव्यय वाटते. त्यांनी थांबावं किंवा दुसरं काम शोधावं.

त्या फुटपाथवरचं कोणी सोबत नसेल तर जाऊच नका. १९८५मध्ये स्पार्क संस्थेने भायखळा भागात पदपथवासीयांची गणना केली, त्यात तिथल्या बायकांचा सहभाग होता. त्याच बायकांमधून पुढे महिला मिलन ही त्यांची संघटना उभी राहिली. सोबत येणाऱ्याला त्या रात्रीचा रोज द्या, चहावर भागवू नका.

पोलीस किंवा पालिकेची गाडी बरोबर नको, माणसं पळतात. झोपलेल्यांचे फोटो काढू नका. "गाव कुठलं?" हा प्रश्न शेवटी ठेवा, आधी विचारलात तर हाकलायला आलात असं वाटतं.

परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर झोपणाऱ्या रुग्णांची आणि नातेवाइकांची नोंद वेगळी ठेवा. उपचार चालू असेपर्यंत त्यांना रुग्णालयाजवळच जागा लागते, दूरच्या निवाऱ्याचा त्यांना उपयोग नाही. आणि अहवाल वॉर्ड ऑफिसात देण्याआधी ज्यांनी माहिती दिली त्यांना तो वाचून दाखवा. कुठली गल्ली राहिली, हे तेच सांगतात.