सलग समतल चर आखा ए-फ्रेमने

महाराष्ट्रातल्या इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाने ‘माथा ते पायथा’, म्हणजे डोंगरावर वरून खाली काम करत येण्याचा क्रम रुजवला. सलग समतल चर, म्हणजे उतारावर एकाच पातळीच्या रेषेत खोदलेले चरही माथ्यापासूनच घ्या. खालून सुरुवात केली की वरचं पाणी पहिल्याच पावसात काम गाळाने भरतं.

ही रेषा शोधायला ए-फ्रेम, म्हणजे A आकाराचा काठ्यांचा सांगाडा लागतो. 2 मीटरच्या दोन सरळ काठ्या टोकाशी बांधा, पाय 2 मीटर फाकवा, मध्यावर आडवी काठी ठोका. शेंड्यावरून सव्वा मीटर दोरीला अर्धा किलोचा दगड लटकवा. हलका दगड वाऱ्यात डोलत राहतो.

आता खरं काम. जमिनीत दोन खुंट्या ठोका. फ्रेमचे दोन्ही पाय त्यांवर ठेवून दोरी आडव्या काठीला शिवते तिथे खूण करा. पायांची अदलाबदल करून दुसरी खूण. दोन्हींचा मध्य म्हणजे समपातळी. कंटाळा करून आडव्या काठीचाच मध्य धरला, तर चूक प्रत्येक पावलाला साठत जाते.

मग एक पाय स्थिर, दुसरा फिरवत दोरी मधल्या खुणेवर आणा, पायांच्या जागी फक्की टाका. भुसभुशीत मातीत पायाखाली चपटा दगड हवाच.

चर 60 सेंमी रुंद, 30 खोल. माती उताराच्या खालच्या बाजूला, काठापासून वीतभर सोडून. नाहीतर तीच परत आत ढासळते.