'टेल मी अबाउट युवरसेल्फ', पाचव्यांदा

चार वर्षांनी पहिल्यांदा आयटीतली नोकरी बदलायला निघालो, तेव्हा एकाच कंपनीला माझे दहावीचे टक्के पाच वेळा सांगितले. आधी नोकरीच्या पोर्टलवर, मग एचआरच्या फोनवर. कंपनीच्या साइटवर रेझ्युमे चढवला, तर खाली त्याच माहितीचे रकाने पुन्हा हाताने भरायला होतेच. मग मेलवर एक्सेलचा तक्ता आला. शेवटी हिंजवडीला प्रत्यक्ष गेलो, तर रिसेप्शनवर कागदी फॉर्म, आणि पेन माझंच.

नवीन मुलांना वाटतं, आपली चिकाटी तपासतायत. कसली चिकाटी! पोर्टल, कन्सल्टन्सी (कंपन्यांना उमेदवार शोधून देणारी), एचआर, मुलाखतीचं पॅनेल आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनची बाहेरची एजन्सी ही वेगवेगळी माणसं असतात, आणि एकाकडची माहिती दुसऱ्याकडे जातेच असं नाही. पॅनेलवाल्याने तुमचा रेझ्युमे कॉल सुरू झाल्यावर उघडलेला असतो, म्हणून तो 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' म्हणतो. तेवढ्या वेळात तो वाचून घेतो. वाचू द्या, दोन मिनिटं निवांत बोला.

त्यामुळे एक फाइल आधीच करून ठेवा: दहावी-बारावी-डिग्रीचे टक्के, पास झाल्याचा महिना, यूएएन (पीएफचा) नंबर, सीटीसीतला, म्हणजे वर्षाच्या एकूण पॅकेजमधला, फिक्स्ड आणि व्हेरिएबल भाग, आणि प्रत्येक नोकरीच्या तारखा. तारखा आठवून लिहू नका, रिलीव्हिंग लेटरवरूनच (नोकरी सोडताना कंपनी देते ते पत्र) उतरवा. मी एका फॉर्मवर शेवटचा दिवस ३१ मे लिहिला, दुसऱ्यावर २८. पीएफच्या सर्व्हिस हिस्टरीत २८ होता. या तीन दिवसांपायी माझं व्हेरिफिकेशन दोन आठवडे अडकलं. दहावी-बारावीच्या मार्कशीट डिजिलॉकरमधून काढता येतात, तरी स्कॅन करून ठेवाच, कारण कुणाला पीडीएफ लागते, कुणाला जेपीजी.

कन्सल्टन्सीच्या बाबतीत मी स्वतःच माती खाल्ली. एकाच दिवशी दोघींचे फोन आले, दोघींनी 'मोठी एमएनसी आहे' एवढंच सांगितलं, मी दोघींना हो म्हणालो. कंपनी एकच निघाली. प्रोफाइल 'डुप्लिकेट' म्हणून बाद झालं, आणि उमेदवार कुणाचा यावरून त्या दोघी भांडत बसल्या. आता कंपनीचं नाव आणि जॉब आयडी मेलवर आल्याशिवाय मी रेझ्युमे पाठवत नाही.

पहिल्याच फोनवर विचारा: एकूण राउंड किती, घरी करायची असाइनमेंट आहे का, शेवटचा निर्णय कुणाचा? विचारल्याने कुणी रागावत नाही. मी विचारलं नव्हतं. ऑनलाइन टेस्ट, दोन टेक्निकल (दुसऱ्यात पहिल्याचेच प्रश्न, अगदी त्याच क्रमाने), मॅनेजरचा राउंड, आणि मग असाइनमेंट. शनिवार-रविवार घालवून ती केली, गिटहबवर (कोड ठेवायची साइट) प्रायव्हेट रेपॉझिटरीत, म्हणजे फक्त बोलावलेल्यांनाच दिसेल अशा फोल्डरमध्ये, टाकली आणि त्यांना इन्व्हाइट पाठवलं. ते कुणी स्वीकारलंच नाही. सात दिवसांनी आपोआप रद्द झालं. आठव्या दिवशी मेल आला: तुमचं सोल्यूशन आमच्या अपेक्षेप्रमाणे नाही.

त्यानंतर मी एक नियम केला. तीन-चार तासांपेक्षा मोठी असाइनमेंट असेल तर सरळ विचारतो, 'त्याऐवजी कॉलवर तासभर कोडिंग करूया का?' बाणेरच्या एका छोट्या कंपनीने ते लगेच मान्य केलं. मी सध्या तिथेच आहे. दोन राउंड, नऊ दिवस.

नोटीस पिरियडचं आधीच बोलून घ्या. आपल्याकडे आयटीत ९० दिवसांची नोटीस सर्रास असते, आणि दीड महिना राउंड घेणाऱ्यांना माणूस मात्र पंधरा दिवसांत हवा असतो. 'तुम्ही पेपर टाका, ऑफर येईलच' असं एचआर कितीही गोड आवाजात म्हणू दे, सही-तारखेचं ऑफर लेटर हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका. आणि रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग किंवा लॅपटॉपच्या डिपॉझिटचे पैसे कुणी मागितले, तर फोन तिथेच ठेवा.