ब्युरेट धरायला शिकूनच गाडीत बसा

ताईने फ्रिजवर यादी चिकटवली होती. गादीची खोळ, इस्त्री, आमसुलं, छत्री, मच्छरदाणी, देवाचा छोटा फोटो. भाची गोव्यातल्या डिचोलीहून बंगळुरूच्या क्राइस्ट या ख्रिस्ती विद्यापीठात बीएस्सी केमिस्ट्रीला चालली होती आणि त्या पानभर यादीत केमिस्ट्रीची एकही वस्तू नव्हती. मी वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काढली आहेत. नवीन पदवीधर पोरं ब्युरेटला, म्हणजे द्रावण थेंब-थेंब मोजून सोडायच्या तोटीच्या काचनळीला, हात लावतात तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत कळतं की यांनी तीन वर्षं प्रॅक्टिकल केलं की नुसतं जर्नल भरलं. म्हणून ही दुसरी यादी, पुढच्या वर्षी ज्यांच्या घरातून कोणी निघणार आहे त्यांच्यासाठी.

आधी आजीची शंका निकालात काढा, नाहीतर ती निघायच्या दिवसापर्यंत पुरते. "पाद्र्यांकडे घालताय पोरीला?" म्हापशाच्या सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये शिकलेली बार्देशातली हिंदू घरं मोजायला बसलात तर आजीच्या माहेरचीच निम्मी निघतील. राज्यघटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवायचा हक्क दिलाय. कलम २८ प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला वा प्रार्थनेला बसवता येत नाही. हे आजीला सांगा आणि स्वतः मात्र प्रवेशाच्या माहितीपत्रकात आपला अर्ज कुठल्या गटात मोडतो ते नीट वाचा. अल्पसंख्याक संस्थांत काही जागा त्यांच्या समाजासाठी राखलेल्या असतात, उरलेल्यांत आपण.

कॉलेज आणि विद्यापीठ यांतला फरक फॉर्म भरण्यापूर्वी कळलेला बरा. म्हापशाचं झेवियर्स गोवा विद्यापीठाला संलग्न, म्हणजे पदवीवर नाव गोवा विद्यापीठाचं. क्राइस्ट हे सीएमआय (कार्मेलाइट्स ऑफ मेरी इमॅक्युलेट) या केरळी धर्मसंघाने १९६९ मध्ये कॉलेज म्हणून सुरू केलं आणि २००८ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अभ्यासक्रम त्यांचा, परीक्षा त्यांची, पदवीही त्यांचीच. त्यामुळे पहिल्या वर्षानंतर "जमत नाही, परत गोव्यात येते" म्हणणं वाटतं तितकं सोपं नाही, विषय जुळवताना नाकी नऊ येतात. जायचं तर तीन वर्षांच्या हिशेबाने जा. नव्या शैक्षणिक धोरणात ऑनर्ससाठी चौथं वर्षही आहे.

केमिस्ट्रीबरोबर काय घ्यायचं, यावर घरात एक पूर्ण संध्याकाळ घालवा. बायोटेक आणि फॉरेन्सिक ही नावं ऐकायला चकचकीत. पण पुढे एमएस्सी केमिस्ट्री करायची असेल तर पदवीत केमिस्ट्री किती क्रेडिटची आहे, हेच बघतात. बॉटनी-झुऑलॉजीबरोबर केमिस्ट्री घेणारी मुलं ऑरगॅनिकमध्ये मजेत असतात आणि थर्मोडायनॅमिक्सला आली की इंटिग्रेशन बघून हबकतात. गणिताची भीती असली तरी बारावीचं कॅल्क्युलस मे महिन्यात एकदा उजळून घ्या. आमच्या डिचोली-साखळीत केमिस्ट म्हणजे खाणीच्या लॅबमधला माणूस, लोहखनिजात लोखंड किती टक्के ते डायक्रोमेटच्या टायट्रेशनने, म्हणजे रंग बदलेपर्यंत मोजून द्रावण घालून, काढणारा. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या आणि ते गणित बदललं. आज पोटापाण्याचं विचाराल तर वेर्णा-कुंडईच्या औषध कंपन्या आहेत, आणि समुद्राची आवड असेल तर दोना पावलाची एनआयओ, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था.

सीयूईटी नावाच्या प्रवेश परीक्षा दोन आहेत! एक एनटीए या राष्ट्रीय परीक्षा संस्थेची, २०२२ पासून देशभर होणारी. दुसरी क्राइस्टची स्वतःची प्रवेश परीक्षा, तिचीही आद्याक्षरं तीच. "सीयूईटी दिलीय" एवढ्यावर समाधान मानून एका घराने वर्ष घालवलेलं मला माहीत आहे. संकेतस्थळावर तारीख बघा, आणि त्या तारखेखाली संस्थेचं नाव कुठलं तेही बघा.

कागदपत्रांत गोव्याची खास अडचण नावाच्या स्पेलिंगची. जन्मदाखल्यावर आजोबांच्या काळापासून चालत आलेलं "नाईक" पोर्तुगीज थाटात क्यू, यू, ई ने संपतं, बारावीच्या मार्कशीटवर तेच के ने, आणि आधारवर वडिलांचं नाव तिसऱ्याच तऱ्हेचं. परब-पोरोब मंडळींनाही हे नवीन नाही. इथल्या कारकुनाला ते समजतं, बंगळुरूच्या कारकुनाला ती दोन वेगळी माणसं वाटतात. एप्रिलमध्येच सगळे कागद जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडा, फरक दिसला तर नोटरीकडून प्रतिज्ञापत्र करून घ्या. गोवा बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेट आणि शाळेचं लिव्हिंग सर्टिफिकेट, दोन्ही मूळ प्रत आणि चार-चार झेरॉक्स.

आता खरी तयारी, हाताची. बारावीला बहुतेकांचं प्रॅक्टिकल जानेवारीत घाईघाईने उरकतं, चार जणांत एक ब्युरेट आणि रीडिंग शेजारच्याचं. भाचीला मी विचारलं, परमँगनेटच्या टायट्रेशनला सल्फ्युरिक अॅसिडच का? "टीचरने सांगितलं." हायड्रोक्लोरिक घातलं तर परमँगनेट क्लोराइडशीच झुंजतं, क्लोरीन सुटतो आणि रीडिंग फुगतं. नायट्रिक स्वतःच ऑक्सिडायझर, मग परमँगनेट कमी लागतं. असल्या दहा "का"ची उत्तरं पाठ नव्हे, समजून घेऊन जा. मुलाखतीत विचारलं नाही तरी पहिल्या व्हायवात, तोंडी परीक्षेत, विचारतीलच.

मग आम्ही स्वयंपाकघरात बसलो. ब्युरेटच्या जागी औषधाच्या दुकानातून १० मिलीची सिरिंज आणली, सुई न लावता. विड्याचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला आणि वरची निवळी सिरिंजमध्ये घेतली. एक भाग व्हिनेगर, नऊ भाग पाणी, त्यातलं ५ मिली काचेच्या ग्लासात. दारच्या लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात कुस्करून त्याचे काही थेंब. अॅसिडमध्ये गुलाबी, आणि निवळी पुरेशी पडली की हिरवट. पहिल्या दिवशी तिने दट्ट्या दाबला आणि सगळं एकदम हिरवं. दुसऱ्या दिवशी थेंब-थेंब. तिसऱ्या दिवशी लागोपाठ तीन रीडिंगं ०.२ मिलीच्या आत आली. ताईने ग्लास परत स्वयंपाकात घेतला नाही, आणि ते बरोबरच.

खऱ्या ब्युरेटला तीन खोड्या लक्षात ठेवायच्या. तोटीखालच्या टोकात हवेचा बुडबुडा राहिला तर तो सुटताना आकडा खोटा येतो. भरायला लावलेलं फनेल काढायचं विसरलं तर त्यातून मागाहून थेंब पडतो. आणि परमँगनेट इतकं गडद की द्रावणाच्या पृष्ठभागाचा खालचा वक्र, जिथे एरवी आकडा वाचतात, तो दिसतच नाही, तिथे वरची कड वाचायची. जुलैत आपल्याकडे कॉस्टिक सोड्याच्या गोळ्या वजनकाट्यावर ठेवल्या तर बघता बघता ओल्या होतात, काट्यावरचा आकडा थांबत नाही. म्हणून त्याचं द्रावण वजनावर भरवसा ठेवून वापरत नाहीत, ऑक्झॅलिक अॅसिडने प्रमाणित करून घेतात: ०.१ नॉर्मल तीव्रतेचं २५० मिली द्रावण करायला ऑक्झॅलिक १.५७५ ग्रॅम.

वही शाईने लिहायची सवय लावा. चुकलं तर एक रेघ मारून बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख. व्हाइटनर घरीच ठेवा. आमच्या कंपनीत व्हाइटनर लावलेलं पान ऑडिटरला दिसलं असतं तर पुढचे तीन दिवस जेवण गोड लागलं नसतं.

एप्रन कॉटनचा, पूर्ण बाह्यांचा, दोन घ्या. सिंथेटिक कापड ज्वाळेजवळ वितळून अंगाला चिकटतं. बंद बूट, केस बांधायला रबर, चष्म्यावर बसेल असा सेफ्टी गॉगल. बाकी सामान तिथे मिळतं.

चवथीचं, म्हणजे गणेशचतुर्थीचं, मात्र आधी बोलून घ्या. आपल्याकडे चवथ म्हणजे घर भरलेलं, पाच दिवस कोणी कुठे जात नाही. तिथे सुट्टी एखाद्या दिवसाची, आणि क्राइस्टला हजेरी ८५ टक्के लागते, कडक. जूनपासून दांड्या जपून ठेवल्या तरच माटोळीखाली, गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवाखाली, बसता येईल. बुडालेलं प्रॅक्टिकल परत लावून मिळेलच असं नाही, हे पोरीपेक्षा तिच्या काकांना जास्त समजावावं लागतं.

वास्को-यशवंतपूर गाडी मडगावहून सोयीची, पण पावसात कुळे ते कॅसलरॉकच्या घाटात दरड आली की ती रद्द होते. हजर व्हायच्या तारखेआधी एक दिवस हातात ठेवा. आम्ही चोर्ला घाटाने बेळगावला गेलो आणि पुढे बस धरली. निघताना बघते तर भाचीने सिरिंज आमसुलांच्या डब्यात ठेवलेली. मी ती काढून एप्रनच्या खिशात घातली. लॅबची वस्तू खाण्याच्या डब्यात? पहिल्याच दिवशी बाहेर उभं करतील.