नव्या फ्लॅटमध्ये ओल आली? हक्क बुडवणाऱ्या या चुका टाळा

पहिल्या पावसाळ्यात बेडरूमच्या कोपऱ्यात रंग फुगतो, दुसऱ्यात पोपडे पडतात आणि तिसऱ्यात आपण स्वतःच्या खिशातून वॉटरप्रूफिंगवाला बोलावतो. आमच्याकडे हेच झालं. बिल्डरचा साइट इंजिनिअर दर वेळी 'साहेब, माणूस पाठवतो' म्हणायचा. माणूस यायचाही, भेगेत पांढरं सिमेंट भरून जायचा. शेवटी वकिलाकडे गेलो, तर त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "लेखी काय दिलंय?" काहीच नव्हतं.

कायदा मात्र आपल्या बाजूनं आहे. रेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, 2016 च्या कलम 14(3) नुसार ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामाच्या सांगाड्यातला, कारागिरीतला, दर्जातला किंवा सेवांमधला दोष बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर तो त्यानं 30 दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा. नाही केला तर भरपाई द्यायची. अडतं ते 'नजरेस आणून दिला' या शब्दांपाशी. ते सिद्ध आपल्याला करावं लागतं.

पहिली चूक, फोनवर विसंबणं. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज जपून ठेवा, पण ज्याला पाठवता तो इंजिनिअर सहा महिन्यांत नोकरी सोडून जातो. करारनाम्यात बिल्डरचा जो पत्ता आणि ईमेल आहे, तिथेच कळवा. पत्र स्पीड पोस्टानं पाठवा आणि ते पोहोचल्याचा पुरावा ठेवा. त्यात ताब्याची तारीख, कुठल्या खोलीत कुठल्या भिंतीला काय झालंय, कधीपासून, आणि 30 दिवसांत दुरुस्तीची मागणी असं सगळं हवं. फोटो तारखेसह. माणूस येऊन थातूरमातूर करून गेला, तर 'अमुक तारखेला केलेल्या कामानंतरही गळती सुरूच आहे' असं दुसरं पत्र. कंटाळवाणं आहे, पण यावरच पुढचं सगळं उभं राहतं.

दुसरी चूक, आधी दुरुस्ती करून मग तक्रार करणं. टाइल्स उखडल्या, प्लास्टर खरवडलं की दोष मुळात कुठे होता हे दाखवायला काही उरत नाही. स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पाहणी करून लेखी अहवाल घ्या. पाणी वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून येतंय, डक्टमधल्या पाइपातून की बाहेरच्या भिंतीच्या भेगेतून, हे त्यात आलं पाहिजे. नाहीतर बिल्डर वरच्या काकूंकडे बोट दाखवून मोकळा.

मनमानी तोडफोड. अनेक करारनाम्यांत अट असते, की लेखी संमतीशिवाय बाथरूम किंवा स्वयंपाकघरात फेरफार केले तर दोषाची जबाबदारी संपली. इंटिरिअरवाल्याला हातोडा देण्याआधी ते पान वाचा.

ताब्याच्या दिवशी किल्ल्यांच्या आनंदात 'कोणतीही तक्रार नाही' या ओळीखाली आपण डोळे मिटून सही करतो. पोकळ वाजणाऱ्या टाइल्स, उलट्या उताराचं बाथरूम, न लागणारी खिडकी यांची यादी त्याच कागदावर लिहा किंवा त्याच दिवशी ईमेल करा. 'वॉरंटी एकच वर्षाची होती' असं कुणी ऐकवलं, तर कलम 14(3) दाखवा. नळाच्या कंपनीची वॉरंटी वेगळी, बांधकामातला दोष वेगळा.

चुकीचं दार ठोठावणं. 'आधी सोसायटीत सांगा' म्हणून बरेच जण वर्ष घालवतात. गच्ची, लिफ्ट, बाहेरच्या भिंती यांबाबत सोसायटीनंच तक्रार करणं सोयीचं. तुमच्या घरातल्या दोषासाठी तुम्ही थेट महारेराकडे, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, जाऊ शकता. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलंय. तिथे तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत असते, आणि 50 लाखांपर्यंतचा मोबदला दिला असेल तर जिल्हा आयोग. एकाच मागणीसाठी दोन्हीकडे एकदम धावू नका.

फ्लॅट रिसेलमध्ये घेतलाय म्हणून गप्प बसणारेही भेटतात. रेराच्या व्याख्येत नंतर विकत घेणाराही येतो, भाडेकरू येत नाही. म्हणून मूळ मालकाकडून ताबापत्राची प्रत मागून घ्या.

आणि गावाकडे स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून बंगला बांधून घेतला असेल, तर हे 5 वर्षांचं रेराचं गणित लागू नाही. तिथे ठेकेदाराशी झालेला करार आणि ग्राहक आयोग हेच मार्ग. करार तोंडी असेल, तर निदान पैसे बँकेतून द्या.