डेंग्यूनंतर पुन्हा सायकलवर: माझा अनुभव

डेंग्यूचा ताप उतरला, प्लेटलेट्स दीड लाखाच्या वर गेल्या, डॉक्टरांनी हलका व्यायाम चालेल म्हटलं. मी 'हलका' हा शब्द सोयीस्कर विसरलो. चौथ्याच दिवशी सायकल काढून सोलापुरातून अक्कलकोट रोडला लागलो. वाटेतल्या वळसंग गावापर्यंतही गेलो नाही, पाय गळाले. रस्त्याकडेच्या टपरीवर अर्धा तास बसून राहिलो. टपरीवाले मामा म्हणाले, "घरी फोन करा, साहेब." केला. बायको टेम्पो घेऊन आली. वाटेत एक शब्द बोलली नाही, हे जास्त लागलं.

मग एकच गोष्ट बदलली. रोज पहाटे अंथरुणातून उठायच्या आधी मनगटाला बोटं लावून पूर्ण मिनिटभर नाडी मोजायची. आजारापूर्वी माझी 54 असायची, तेव्हा 70. घड्याळ दाखवतं ते वेगळं, पण मला बोटांवरच भरवसा. नाडी नेहमीपेक्षा सात-आठने जास्त असेल तर त्या दिवशी फक्त कंबर तलावाभोवती चालणं. वाढ त्याहून कमी असेल तरच सायकल, तीही गप्पा मारता येतील एवढ्याच वेगाने. धावणं सगळ्यात शेवटी घेतलं, कारण सांधे अजून ठणकत होते. पोहणं त्याआधी, पण दम लागला की काठ धरायचा.

सोलापूरच्या उन्हात नऊनंतर बाहेर पडायचंच नाही. ताकात मीठ-जिरं घालून बाटली सोबत, आणि घरी आल्यावर ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी.

सहाव्या आठवड्यात नाडी 56 वर आली. त्या रविवारी वळसंग गाठलं. मामांनी पैसे घेतले नाहीत.