सेकंडहँड गाडी, मिसिंग आणि चेक इंजिन लाइट

गाडीला स्कॅनर लावला, पी०१७१ हा बिघाडाचा कोड आला, आणि शेजारचा कोणीतरी ठामपणे म्हणाला, "ऑक्सिजन सेन्सर गेलाय, बदलून टाक." या कामात नवीन असाल तर हे वाक्य तुमच्याही कानावर पडणार आहे. ऐकू नका. निदान लगेच तरी नाही.

आधी एक गोष्ट उरकून घेतो. लाइट नुसती लागलेली असेल, गाडी नीट चालत असेल, तर घाबरायचं कारण नाही. लाइट लुकलुकत असेल आणि गाडी मिसिंग मारत असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नसेल, तर पाय उचला, गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टचा धूर साफ करणारा भाग) जाऊन जळतं आणि तो आतून वितळू शकतो. शंभराच्या कामाचं दहा हजारांचं काम असं होतं.

आता तो सापळा, ज्यात माझे बरेच दिवस गेले. पी०१७१ म्हणजे मिश्रण लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय. सेन्सर फक्त एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजतो. तो ऑक्सिजन जास्त का आला, हे त्याला ठाऊक नसतं. इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेत, कुठून तरी फुकटची हवा शिरत असेल, इंधनाचा पंप दमला असेल, सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्ट लीक असेल, काहीही असू शकतं. एवढंच काय, एखादा सिलिंडर मिस झाला तरी तिथली न वापरलेली हवा बाहेर येते आणि सेन्सर बिचारा 'लीन' म्हणून सांगतो. सेन्सर बदलणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

म्हणून फ्युएल ट्रिम बघायला शिका, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर किती टक्के इंधन वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा. शॉर्ट टर्म (आत्ताची) आणि लाँग टर्म (शिकून ठेवलेली), दोन्हींची बेरीज करा. इंजिन गरम झाल्यावर आयडलिंगला ती +२५ टक्के दिसते आणि २५०० आरपीएमला +५ वर येते? मग हवेची गळती शोधा. आयडलिंगला इंजिन हवा घेतंच थोडी, त्यामुळे भेगेतून शिरलेल्या हवेचा हिस्सा मोठा ठरतो. थ्रॉटल उघडला की तीच गळती किरकोळ होते. उलट आयडलिंगला सगळं ठीक आणि लोड दिला की ट्रिम चढत जाते, तर पंप, फिल्टर किंवा मळलेला एअरफ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) बघा. हा हिशोब एअरफ्लो सेन्सरच्या गाड्यांचा. नुसत्या मॅप सेन्सरवर (इनटेकमधला दाब मोजणारा) चालणाऱ्या गाडीत गळती असली तरी ट्रिम साधी दिसू शकते, फक्त आयडल चढलेला असतो.

भेग वरून दिसत नाही. एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतचा घड्यांचा रबरी पाईप हाताने वाकवा आणि प्रत्येक घडी उघडून बघा. पीसीव्हीची नळी (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये नेणारी) खालच्या बाजूने चाचपा. तेलाने ती मऊ पडते आणि बरोबर वळणावर फाटते. स्मोक मशीन (धूर भरून गळती दाखवणारं) मिळालं तर उत्तम. गरम एक्झॉस्टशेजारी कार्ब क्लीनर फवारून गळती शोधणारे उस्ताद मी पाहिलेत. त्यांचा अनुभव मोठा असेल, पण आग अनुभव विचारत नाही.

कोड एकाच सिलिंडरचा असेल तर सोपं आहे, खरंच सोपं. पी०३०३, म्हणजे तीन नंबरचा सिलिंडर मिस, असा कोड आला तर तीनची आणि एकची कॉइल अदलाबदल करा. नंतर पी०३०१ आला तर कॉइल दोषी. तीनवरच राहिला तर प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. कॉइल आणि प्लग एकदम हलवू नका, कोणामुळे फरक पडला ते कळणार नाही. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर केसासारखी काळी रेघ दिसली तर तिथून स्पार्क पळतोय. पेट्रोलच्या टाकीत ओतायच्या औषधांच्या बाटल्यांबद्दल माझं मत छापण्यासारखं नाही.

आणि कोड उडवायची घाई करू नका. त्याच्याबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते. बिघाड झाला तेव्हाचा आरपीएम, तापमान, लोड, सगळं त्यात असतं. आधी फोटो काढा.

सेकंडहँड गाडीत तर कोड बऱ्याचदा आधीच उडवलेले असतात. लाइट नाही म्हणून खूश होऊ नका, स्कॅनरवर रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या का, ते दाखवणारी यादी) बघा. बरेचसे 'अपूर्ण' दिसले तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. बऱ्याच गाड्यांत कोड पुसल्यापासूनचं अंतरही दिसतं. विकणारा म्हणाला, "कधीच लाइट लागली नाही," आणि अंतर बारा किलोमीटर असेल, तर मॉनिटर पूर्ण होईपर्यंत थांबा. चावी ऑन केल्यावर लाइट पेटतच नसेल, तर बल्बच काढलाय का, ते आधी विचारा.