लेहला नर्सिंग शिकायला जायचंय? मग तयारी अशी करा

एज्युकेशनल टूर म्हटलं की आपल्याकडची बरीच कॉलेजं दिल्ली-आग्रा-मनाली करतात, मध्ये एखाद्या मोठ्या हॉस्पिटलच्या गेटवर ग्रुप फोटो, लॉगबुकात सह्या, झालं. पण कम्युनिटी हेल्थ नर्सिंग मनापासून शिकायचं असेल आणि घरून परवानगी मिळत असेल तर लेहला जा, असं मी प्रत्येक ज्युनियरला सांगते. कारण परीक्षेसाठी पाठ केलेल्या नॉर्मल व्हॅल्यूज तिथे जशाच्या तशा चालत नाहीत, मग मॉनिटरवरचा आकडा बाजूला ठेवून पेशंटकडे बघावंच लागतं.

आधी परवानगीचं. नुसतं जाऊन वॉर्डात उभं राहता येत नाही. प्रिन्सिपल मॅडमच्या सहीचं पत्र लेहच्या चीफ मेडिकल ऑफिसरच्या नावाने, आणि जिल्ह्याच्या मुख्य हॉस्पिटलात म्हणजे सोनम नोर्बू मेमोरियल हॉस्पिटलात (तिथे सगळे एसएनएम म्हणतात) पोस्टिंग हवं असेल तर मेडिकल सुपरिंटेंडंटच्या नावाने वेगळं पत्र, दोन्ही काही महिने आधी पाठवा आणि लेखी होकार आल्याशिवाय तिकीट काढू नका. पत्रात ऑब्झर्वेशन पोस्टिंग असं स्पष्ट लिहा. विद्यार्थी असताना कौन्सिलचं रजिस्ट्रेशन नसतं, त्यामुळे सिस्टर सांगतील तेवढंच आणि त्यांच्या समोरच करायचं. सीझन जून किंवा सप्टेंबर बरा. हिवाळ्यात शिकायला फार मिळतं पण थंडी उणे २० पर्यंत जाते, पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी तो विचार करू नये.

आता स्वतःची तब्येत, यात अजिबात हयगय नको. लेह साधारण ३५०० मीटरवर आहे, आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे दुपटीहून जास्त. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही २१ टक्केच असतं पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६५ टक्के, म्हणून प्रत्येक श्वासात मिळतो कमी. जायच्या आधी सीबीसी म्हणजे रक्तपेशींची तपासणी करा, हिमोग्लोबिन कमी असेल तर आधी ते वाढवा. आणि विदर्भातल्या, गडचिरोली-नंदुरबारकडच्या मुलामुलींनी सिकलसेलची टेस्ट केल्याशिवाय जाऊच नका. आजार असेल तर उंचीवर धोका आहेच पण नुसते वाहक असलेल्यांनाही उंचीवर स्प्लीनला (प्लीहेला) इन्फार्क्शन, म्हणजे रक्तपुरवठा तुटून इजा, झाल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत, आणि आपल्याकडे कितीतरी जणांना आपण वाहक आहोत हेच माहीत नसतं. डायमॉक्स म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड डॉक्टरांना विचारूनच घ्या, प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलीग्रॅम दिवसातून दोनदा देतात आणि चढण्याच्या आदल्या दिवशी सुरू करतात. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं, त्याला घाबरून गोळी मध्येच बंद करू नका.

रस्ता कुठला घ्यायचा यावर मुली फक्त भाडं बघतात. विमानाने गेलात तर काही तासांत थेट ३५०० मीटरवर, शरीराला सवय व्हायला वेळच नाही. वेळ असेल तर पुण्याहून झेलम एक्सप्रेसने जम्मू, तिथून श्रीनगर, मग कारगिलला मुक्काम करून लेह, हा रस्ता शरीराला सोपा जातो कारण कारगिल २७०० मीटरच्या आसपास आहे. मनालीकडून जाताना सरचूला झोपायला लावतात, ते ४२०० मीटरच्या वर आहे आणि तिथे रात्रभर डोकं धरून बसलेली माणसं असतात, म्हणून नवख्यांना मी तो रस्ता सांगत नाही. फोनचंही बघून ठेवा, बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. ग्रुपमध्ये निदान दोघींकडे तरी असू दे.

पोचल्यावर पहिले दोन दिवस काहीही करायचं नाही. काहीही म्हणजे काहीही. हॉस्पिटलला जायचं नाही, मार्केट नाही, शांती स्तूपाच्या पायऱ्या तर अजिबात नाही. पाणी पीत राहा, हलकं जेवा, झोपेच्या गोळ्या आणि दारू बंद. थोडं डोकं दुखणं, भूक न लागणं, झोप तुटणं हे बऱ्याच जणांना होतं. पण विश्रांती घेताना धाप लागतेय, खोकला वाढतोय, किंवा सरळ रेषेत चालता येत नाहीये, बोलणं विसंगत होतंय, असं कुणाचंही झालं तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. धाप-खोकला हे फुप्फुसात पाणी साठल्याचं लक्षण, चालण्या-बोलण्यातली गडबड मेंदूला सूज आल्याचं, आणि फुप्फुसाचा त्रास बहुतेकदा दुसऱ्या ते चौथ्या रात्रीत उफाळतो, म्हणजे नेमका आता बरं वाटतंय म्हणून आपण निर्धास्त होतो तेव्हा. रूममध्ये एकटीने झोपू नका.

तिसऱ्या दिवशी बरं असेल तर वॉर्ड. उन्हाळ्यात तिथे टुरिस्ट पेशंट भरपूर येतात आणि त्यात आपली मराठी माणसं असतातच, ग्रुप टूरवाले काका-काकू, ज्यांनी बीपीची गोळी बॅगेतच ठेवलेली असते. तिथे तुमचा खरा उपयोग होतो. घाबरलेल्या काकूंशी मराठीत बोलून हिस्ट्री नीट काढून दिलीत तर सिस्टरांचं मोठं काम हलकं होतं.

ऑक्सिमीटरचं एक सांगते. एका आजींचं रीडिंग ७० च्या घरात येत होतं आणि मी ऑक्सिजनकडे धावले, तर तिथल्या सिस्टरने आजींचं तोंड बघितलं, ओठ बघितले, श्वास मोजले, मग त्यांची गार पडलेली बोटं स्वतःच्या दोन्ही तळव्यांत धरून बसली, गप्पा मारत. थोड्या वेळाने परत लावलं तर ८८. थंडीने बोटातला रक्तप्रवाह आखडला की मशीन चुकतं, आणि नुकत्याच आलेल्या निरोगी माणसाचंही लेहमध्ये ९० च्या आसपास असू शकतं. म्हणून प्रत्येक रीडिंगसोबत श्वासाचा वेग, ओठांचा रंग आणि पेशंट वाक्य पूर्ण बोलू शकतो का हे लिहायची सवय लावून घ्या. हिमोग्लोबिनचंही तसंच, उंचीवर शरीर जास्त लाल पेशी बनवतं त्यामुळे अ‍ॅनिमियाचा कटऑफ वर सरकतो, गरोदर बाईचं ११.५ बघून नॉर्मल लिहून मोकळं होऊ नका.

आमच्या क्लासमध्ये कोल्ड चेन (लस पेशंटपर्यंत थंड ठेवायची व्यवस्था) म्हणजे बर्फ वितळायला नको एवढंच डोक्यात बसलं होतं. तिथे भीती उलटी, लस गोठायची. पेंटाव्हॅलंट, टीडी, हिपॅटायटिस बी या गोठल्या की वाया जातात, आणि वायलवरचा व्हीव्हीएम (रंग बदलणारा छोटा ठिपका) उष्णता दाखवतो, गोठल्याचं दाखवत नाही. सबसेंटरला गेलात तर तिथल्या एएनएम (गावपातळीच्या नर्स) दीदींना शेक टेस्ट करून दाखवायला सांगा. मुद्दाम गोठवून वितळवलेली एक वायल आणि संशय असलेली एक, दोन्ही हलवून शेजारी ठेवायच्या, गोठलेलीत पांढरा गाळ भराभर खाली बसतो आणि वर पाणी स्वच्छ दिसायला लागतं. पुस्तकातल्या चार ओळी आणि हे डोळ्यांनी बघणं यात फार फरक आहे हो.

होम व्हिजिटला जाताना जुले म्हणायचं, नावापुढे ले लावायचं, आई-आजीच्या वयाच्या बाईला आमा-ले. हिंदी बहुतेकांना कळते. गुरगुर चहा पुढे येईल, त्यात लोणी आणि मीठ असतं, प्या, पण बीपीच्या पेशंटला दिवसाला किती कप होतात हे विचारायला विसरू नका, आहाराचा सल्ला तिथूनच सुरू होतो. आमचीकडचं औषध चालू आहे का हेही विचारा. आमची म्हणजे सोवा-रिग्पाचे (तिबेटी वैद्यकाचे) वैद्य, लोकांचा त्यांच्यावर विश्वास आहे आणि सरकारची आयुषमध्ये मान्यताही आहे, तेव्हा नाक मुरडून विचारलंत तर पेशंट काही सांगणार नाही. घरात बुखारी (खोली गरम ठेवायची शेगडी) कुठे आहे, धूर बाहेर जायला पाइप आहे का, झोपताना खिडकी पूर्ण बंद करतात का, हे बघून लिहा, कार्बन मोनॉक्साइडचा धोका तिथे हिवाळ्यात खराच असतो. फोटो विचारल्याशिवाय काढू नका, आणि पेशंटचे तर विचारूनही नको.

जमलं तर एखाद्या सिनियर सिस्टरकडून ऑगस्ट २०१० च्या ढगफुटीचं ऐका. एसएनएममध्येच चिखल घुसला होता आणि पेशंट आर्मी हॉस्पिटलात हलवावे लागले होते, डिझास्टर नर्सिंगचं त्याहून चांगलं लेक्चर मिळणार नाही.

नुब्रा खोऱ्यात दिस्कितचं हॉस्पिटल बघायला जायचं तर आठवडाभर लेहला राहिल्यावरच. दिस्कित लेहपेक्षा खाली आहे, झोपायला त्रास नाही, पण वाटेत खारदुंग-ला ही खिंड ५३५९ मीटरवर आहे, तिथे फोटोपुरतं थांबा आणि निघा. पँगाँगला मुक्काम मात्र टाळा, ४२०० च्या वर झोपायचं आणि जवळ मोठं हॉस्पिटल नाही.

बॅगेत थर्मल, कानटोपी, सनस्क्रीन, लिप बाम, नाकाला लावायला व्हॅसलिन (हवा इतकी कोरडी की नाकातून रक्त येतं), ओआरएस, लागतील त्याहून जास्त पॅड्स. गावात कोरडे संडास असतात, पाण्याऐवजी माती टाकतात, टॉर्च जवळ ठेवा.

आणि लॉगबुक रोज रात्री झोपायच्या आधी लिहा, परत येऊन लिहू म्हटलं की निम्मं विसरतं. निघायच्या आदल्या दिवशी ते वॉर्ड सिस्टरला वाचून दाखवा आणि कुठे चुकीचं समजलंय ते त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घ्या.